तारली लहान का राहिली?

बालमित्रांनो, आज सुरुवातीलाच तुम्हांला एक कोडं घालतो.

कोळीणमावशीच्या पाटीत दोन तारल्या शेजारी शेजारी पडल्या आहेत. दोघींचं अंग रुपेरी, पाठ निळसर-हिरवी. पट्टी लावून मोजलंत तर दोघींची लांबीही सारखीच, दहा सेंटीमीटर. आता सांगा, दोघींचं वय सारखंच असेल का?

"हो, त्यात काय विचारायचं!" असं म्हणालात? मग जरा थांबा आणि तुमच्याच वर्गाकडे पाहा. प्रार्थनेला उंचीप्रमाणे उभं केलं की सगळ्यांत पुढे उभा राहणारा मुलगा सगळ्यांत लहान असतोच असं नाही. कधी कधी तो मागच्या उंच मुलापेक्षा सहा महिन्यांनी मोठाही निघतो! माशांमध्ये हा फरक आपल्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. पाटीतली एक तारली कदाचित काही महिन्यांचं गुटगुटीत बाळ असेल. आणि दुसरी? ती तिच्याहून बरीच मोठी, पण पोटभर खायला न मिळाल्यामुळे खुरटलेली असेल.

मग हे ओळखायचं कसं? आणि मुळात समुद्रातल्या माशाला खुरटायला होतं तरी काय? एवढा अथांग समुद्र, त्यात खायला कमी का आहे? चला, शोधून काढू या.

वाढ कधी थांबतच नाही

आधी एक गंमत सांगतो. माणूस अठरा-वीस वर्षांचा झाला की त्याची उंची वाढायची थांबते. गाय, घोडा, कुत्रा, मांजर यांचंही तसंच. पण बहुतेक मासे आयुष्यभर वाढत राहतात! लहानपणी भराभर आणि पुढे हळूहळू, पण वाढ पूर्णपणे थांबत नाही. (ही गोष्ट लक्षात ठेवा बरं का, शेवटी तिची गरज लागणार आहे.)

दुसरी गोष्ट म्हणजे मासे शीतरक्ताचे प्राणी आहेत. थंडी असो की ऊन, तुमच्या-आमच्या शरीराचं तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास राहतं. माशांचं तसं नाही. ट्यूनासारखे काही मोजके मासे सोडले, तर पाणी जेवढं गरम तेवढाच मासा गरम. म्हणजे माशाला घर वेगळं आणि अंगण वेगळं असं काही नसतंच. बाहेरच्या पाण्यात जे घडतं, ते थेट त्याच्या अंगात शिरतं आणि त्याच्या वाढीत उमटतं.

डोक्यातली रोजनिशी

उमटतं म्हणजे अगदी खरोखर उमटतं! माशाच्या डोक्यात, कानाच्या जागी, लहान लहान खडे असतात. त्यांना कर्णाश्म म्हणतात. कर्ण म्हणजे कान आणि अश्म म्हणजे दगड. शंख-शिंपले ज्या चुन्याचे बनतात, त्याच चुन्याचे हे खडे बनलेले असतात. माशाला तोल सांभाळायला आणि आवाज ऐकायला त्यांचा उपयोग होतो. तारलीचा खडा जेमतेम तिळाएवढा. घोळ किंवा ढोमा या माशांचा मात्र चांगला मोठा असतो. तुमच्या घरी मासे होत असतील तर आईला नाहीतर बाबांना सांगून ढोम्याच्या डोक्यातला खडा जपून काढून घ्या. पांढराशुभ्र, गुळगुळीत खडा पाहून तुम्ही खूश व्हाल.

या खड्यावर थरावर थर चढत जातात. झाडाच्या बुंध्यात वर्षांची वर्तुळं असतात ना, तसेच. वर्तुळं मोजून माशाचं वय काढण्याची युक्ती योहान्स रायबिश या जर्मन शास्त्रज्ञाने १८९९ मध्ये प्लेस नावाच्या चपट्या माशावर वापरली. थंड देशांत उन्हाळ्यात मासा जोरात वाढतो, तेव्हा रुंद पट्टा तयार होतो. हिवाळ्यात वाढ मंदावते, तेव्हा अरुंद पट्टा. एक रुंद आणि एक अरुंद मिळून झालं एक वर्ष!

पुढे १९७१ मध्ये जॉर्जिओ पानेला या शास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकातून आणखी बारकाईने पाहिलं आणि त्यांना दिसलं की वर्षाच्या पट्ट्याच्या आत रोजच्या रोज एक बारीक रेघ पडत असते. म्हणजे माशाच्या डोक्यात चक्क रोजनिशी! रेघा दूर दूर असतील तर ते दिवस सुखाचे, जवळ जवळ दाटलेल्या असतील तर उपासमारीचे किंवा त्रासाचे. आपण रोजनिशी लिहायचा कंटाळा करतो, मासा एक दिवसही चुकवत नाही.

आपल्याकडच्या समुद्रात मात्र एक अडचण येते. इथे बर्फाळ हिवाळा नाही, त्यामुळे वर्षाची वर्तुळं तेवढी ठळक उमटत नाहीत. म्हणून आपले शास्त्रज्ञ रोजच्या रेघा तर वाचतातच, शिवाय दर महिन्याला बंदरांवर जाऊन शेकडो मासे पट्टीवर मोजतात. या महिन्यात बहुतेक तारल्या किती लांबीच्या, पुढच्या महिन्यात किती, यावरून त्या किती वेगाने वाढताहेत ते कळतं.

खाऊच्या पैशांचा हिशेब

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मासा कमी-जास्त का वाढतो?

समजा, तुम्हांला आठवड्याला पन्नास रुपये खाऊला मिळतात. तीस रुपये रिक्षात आणि वडापावात गेले, तर वीस रुपये शिल्लक. ते गेले तुमच्या डब्यात. माशाचंही असंच असतं. जे खाल्लं ती मिळकत. श्वास घेणं, पोहणं, अन्न पचवणं, शत्रूपासून पळणं हा रोजचा खर्च. खर्च भागून जे उरेल त्यातूनच तो वाढतो. वाढ म्हणजे माशाची शिल्लक!

पाणी खूप थंड असेल तर माशाच्या शरीरातली सगळी कामं संथ चालतात. भूक कमी, पचन हळू, म्हणून वाढही कमी. याचं एक नामी उदाहरण म्हणजे अटलांटिक महासागरातला कॉड मासा. आयर्लंडच्या दक्षिणेला सेल्टिक समुद्र आहे. तिथलं पाणी त्या मानाने उबदार. तिथला चार वर्षांचा कॉड सरासरी सात किलोंच्या वर भरतो. कॅनडाच्या लॅब्राडोर किनाऱ्याजवळ पाणी बर्फासारखं गार. तिथला चार वर्षांचाच कॉड किती भरतो, ठाऊक आहे? जेमतेम सहाशे ग्रॅम! जात एक, वय एक, आणि वजनात दहापटींहून जास्त फरक.

"मग पाणी जितकं गरम तितका मासा मोठा!" असं तुम्ही म्हणाल. पण नाही, इथे दुसरी मेख आहे. पाणी तापलं की माशाचा रोजचा खर्चही वाढतो. खाणं भरपूर असेल तोवर ठीक. ते कमी पडलं की सगळी मिळकत नुसत्या जगण्यावरच खर्च होते आणि शिल्लक शून्य! शिवाय प्रत्येक जातीची सोसण्याची एक मर्यादा असते. त्यापलीकडे पाणी तापलं की वाढ मंदावते.

पाण्यातला श्वास

आणखी एक अडचण म्हणजे प्राणवायूची. मासा कल्ल्यांनी पाण्यात विरघळलेला प्राणवायू घेतो. पाण्यात तो असतोच मुळी थोडा. एक लिटर हवेत जेवढा प्राणवायू असतो, त्याच्या चाळिसाव्या भागाहूनही कमी आपल्याकडच्या एक लिटर समुद्राच्या पाण्यात असतो. आणि पाणी जितकं गरम, तितका तो आणखी कमी. १० अंशांच्या समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांच्या पाण्यात सुमारे ६ मिलिग्रॅमच.

खरं वाटत नसेल तर हा प्रयोग करा. एकाच बाटलीतला सोडा दोन ग्लासांत ओता. एक ग्लास फ्रीजमध्ये ठेवा, दुसरा उन्हात. तासाभराने दोन्हींची चव घ्या. उन्हातल्या सोड्याचा फसफसाट कुठल्या कुठे गेलेला असेल! सोड्यात असतो तो कर्बवायू आणि मासा घेतो तो प्राणवायू, पण नियम दोघांनाही तोच. पाणी तापलं की त्यातला वायू बाहेर पडतो.

म्हणजे पाहा, गरम पाण्यात माशाला प्राणवायू जास्त लागतो आणि मिळतो मात्र कमी. मासा जितका मोठा तितकी त्याची ओढाताण जास्त, असं काही शास्त्रज्ञांना वाटतं. युरोपजवळच्या उत्तर समुद्राचं पाणी सुमारे चाळीस वर्षांत एक ते दोन अंशांनी तापलं. तिथल्या आठ जातींच्या माशांच्या नोंदी ॲबरडीन विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी तपासल्या आणि २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आठपैकी सहा जातींचे मासे पूर्ण वाढल्यावरही पूर्वीपेक्षा लहान राहू लागले होते!

पावसाळ्याचं ताट

आता आपल्या तारलीकडे वळू. तारली सगळ्यांत जास्त मिळते केरळ आणि कर्नाटकाच्या किनाऱ्यावर. तिथे तिला मत्ती म्हणतात. गोव्यात आणि आपल्या सिंधुदुर्ग-रत्नागिरीतही तारलीचं तिखलं म्हणजे जीव की प्राण! मोठ्या सुरमई-पापलेटापुढे ती गरीब दिसते, पण स्वस्त आणि पौष्टिक म्हणून लाखो घरांत रोज शिजते.

तारली फार जगत नाही. तिचं आयुष्य अवघं अडीच-तीन वर्षांचं. पण या थोड्या दिवसांत ती घाई करते. सगळं नीट जमलं तर वर्षभरातच ती सुमारे १५ सेंटीमीटर लांब होते. म्हणजे तुमच्या कंपासपेटीतल्या छोट्या पट्टीएवढी! तेवढी झाली की ती अंडी घालायला तयार. आणि अंडी घालण्याचा तिचा हंगाम म्हणजे आपला पावसाळा.

पावसाळाच का? कारण तेव्हा समुद्रात तिच्या पिल्लांसाठी ताट वाढलेलं असतं. होतं असं, की पावसाळ्यात वारे किनाऱ्याला समांतर, उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहू लागतात. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे वाऱ्याने ढकललेलं वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर सरकतं. त्याची जागा घ्यायला खालचं गार पाणी वर येतं. वर्षभर समुद्रात जे जे मेलं, ते तळाकडे जाऊन कुजलेलं असतं. शेतातल्या खताच्या खड्ड्यासारखंच! त्यामुळे वर येणारं पाणी खताने भरलेलं असतं. या खतावर, वर पडणाऱ्या उन्हात, डायटमसारख्या सूक्ष्म वनस्पती अब्जावधींनी वाढतात. तारली तोंड उघडून पोहते आणि कल्ल्यांजवळच्या बारीक चाळणीने हे हिरवं जेवण गाळून खाते.

पण खत तयार होताना, म्हणजे कुजताना, प्राणवायू खर्च होतो. म्हणून खालून येणारं हे पाणी खताने श्रीमंत आणि प्राणवायूने गरीब असतं. ते बेताने वर आलं तर मेजवानी. फार जोराने आलं तर श्वास कोंडतो आणि तारल्यांना तिथून पळ काढावा लागतो. आणि आलंच नाही तर उपास! बघा, एकाच पाण्याचे किती परिणाम. थोडा वारा कमी, थोडा जास्त, थोडा उशिरा, आणि एका पिढीचं नशीब बदलतं.

पिल्लं जगली, पण...

ही नुसती पुस्तकातली गोष्ट नाही. २०१२ मध्ये एकट्या केरळात सुमारे चार लाख टन तारली मिळाली. तो विक्रम होता. पुढे तारली रोडावू लागली. समुद्र तापत होता, २०१५-१६ मध्ये एल निनोने तो आणखी तापला. शिवाय तारलीची पिल्लंही बेसुमार पकडली जात होती. असं करता करता २०२१ मध्ये केरळात तारली मिळाली किती? सुमारे साडेतीन हजार टन! जिथे शंभर टोपल्या भरायच्या, तिथे एकही धड भरेना. ज्यांचं घर या माशावर चालतं, त्या कोळ्यांच्या चुलीचं काय झालं असेल, याचा विचार करा.

आणि मग २०२४ साल उजाडलं. पाऊस चांगला, खालचं पाणीही बेताने वर आलेलं. पिल्लांना अगदी सुरुवातीच्या दिवसांत भरपूर बारीक अन्न मिळालं आणि ती मोठ्या संख्येने जगली. ही सुरुवातच किती महत्त्वाची असते, हे नॉर्वेच्या योहान योर्ट या शास्त्रज्ञाने १९१४ मध्येच ओळखलं होतं. तारलीच्या लांबच्या नात्यातला हेरिंग मासा त्यांनी अभ्यासला होता. १९०४ साली जन्मलेली हेरिंगची पिल्लं एवढी जगली, की पुढची कित्येक वर्षं जाळ्यात येणाऱ्या हेरिंगांत त्यांचीच गर्दी असे!

केरळच्या किनाऱ्यावर तसंच झालं. तारल्यांचे थवेच्या थवे दिसू लागले. कोळी आनंदले. पण जाळी ओढून पाहतात तो काय? तारल्या दहा सेंटीमीटरच्या आसपासच. दिवस गेले, आठवडे गेले, तरी त्या मोठ्या होईनात! अंग बारीक, चरबी नाही. पूर्वी किलोला साडेतीनशे-चारशे रुपये मिळवून देणारी तारली वीस-तीस रुपयांना विकायची वेळ आली.

कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी याचा शोध घेतला. त्यांचं म्हणणं समजायला अगदी सोपं आहे. समजा, तुमच्या घरी वाढदिवसाला दहा मुलं बोलावली आणि आली शंभर. केक मात्र तेवढाच! मग प्रत्येकाच्या वाट्याला येणार काय? चिमूटभर. पिल्लं जास्त जगली, पण ताट तेवढंच राहिलं. म्हणून वाढ खुंटली.

म्हणजे मित्रांनो, जाळं जड लागलं म्हणून समुद्रात सारं आलबेल आहे, असं समजायचं नाही. आणि मासा लहान दिसला म्हणून तो बाळच आहे, असंही नाही.

खुरटलेला मासा वाया जातो का?

नाही! इथेच तुम्हांला लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट आठवा. माशाची वाढ कधी पूर्ण थांबत नाही. उपाशी राहिलेल्या माशाला पुन्हा पोटभर अन्न मिळालं, तर तो पुन्हा वाढू लागतो. कधी कधी तर मागे पडलेली वाढही भरून काढतो. पण त्यासाठी तो पाण्यात जिवंत राहायला हवा ना! दहा सेंटीमीटरची तारली पकडून तिची भुकटी करून कोंबड्यांच्या खाद्यात घातली, तर ती ना मोठी होणार, ना अंडी घालणार.

म्हणूनच केरळात दहा सेंटीमीटरपेक्षा लहान तारली पकडायला बंदी आहे. आपल्या महाराष्ट्रानेही २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किती लांबीपेक्षा लहान मासा पकडायचा नाही, ते ठरवून दिलं. समुद्राचं तापमान आपण आज-उद्या कमी करू शकत नाही. वारा किती वाहावा, हेही आपल्या हातात नाही. पण जाळ्याची भोकं केवढी ठेवायची आणि बाजारातून केवढा मासा आणायचा, हे मात्र आपल्याच हातात आहे. पालकांनीही हे ध्यानात घ्यावं. पिल्लांना गिऱ्हाईकच मिळालं नाही, तर ती पकडणारही कोण?

पावसाळ्यात साधारण दोन महिने यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. मग नारळी पौर्णिमेला कोळी बांधव दर्याला नारळ वाहतात आणि नवा हंगाम सुरू होतो. यंदा त्यानंतर आई-बाबांबरोबर मासळीबाजारात जाल, तेव्हा कंपासपेटीतली ती १५ सेंटीमीटरची पट्टी खिशात ठेवा. मावशींना विचारून दहा तारल्या मोजा. तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत मोजायचं. वहीत तारीख आणि लांबी लिहा. पुढच्या महिन्यात पुन्हा दहा मोजा, त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा. शास्त्रज्ञ बंदरावर जे करतात, ते थोड्या प्रमाणात तुम्हीही केलेलं असेल.

तुमच्या घरी मासे होत नसतील तरी हरकत नाही, कारण मोजायला मासा विकत घ्यावा लागत नाही! तीन महिन्यांत तुमच्या गावच्या तारल्या किती वाढल्या, की वाढल्याच नाहीत, ते आम्हांला पत्राने जरूर कळवा. आणि हो, मावशींना एक प्रश्नही विचारा : "मावशी, तुमच्या लहानपणी तारली केवढी असायची?" त्या हाताने किती लांबी दाखवतात, तेही वहीत लिहून ठेवा.